मरणाऱ्या पेशीचा निरोप

वाचकाचं पत्र

मी पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंदराच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सीटी२६ पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिलं की त्यांचं मरण ‘इम्युनोजेनिक’ असतं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला जागं करतं, हे मला आधी नीट दाखवायचं आहे. मग त्याच पद्धतीने आमच्या नव्या संयुगाची चाचणी करायची आहे. ४८ तासांनी ९० टक्क्यांहून जास्त पेशी मेलेल्या दिसतात. पण पेशीच्या पृष्ठभागावर येणारं कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन डॉक्सोरुबिसिनमध्येही पॉझिटिव्ह येतं आणि निगेटिव्ह कंट्रोल असलेल्या, म्हणजे ते जिथे दिसायला नको अशा, सिसप्लॅटिन या दुसऱ्या औषधामध्येही. त्यासाठी पीई हा चमकता रंग लावलेली अँटिबॉडी वापरते, मेलेल्या पेशींसाठी पीआय हा रंग. पेशींबाहेर आलेला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जवळजवळ शून्य. एचएमजीबी१ या प्रथिनाच्या एलायझाचा (अँटिबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा दर वेळी वेगळा. सिसप्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवते. दोन-तीनदा त्याने पेशी मेल्याच नाहीत म्हणून डोस दुप्पट केला. उंदरांमध्ये डॉक्सोरुबिसिनने मारलेल्या पेशी टोचल्यावर संरक्षण मिळालं, पण गॅमा किरणांनी मारलेल्या ‘कंट्रोल’ पेशींनीही ते दिलं. गाइड म्हणतात, डोस वाढव. काय करू?

उत्तर

नमस्कार.

डोस वाढवू नका. औषधाची ताकद कमी पडलेली नाही, तुम्ही पेशींकडे फार उशिरा बघता आहात. ४८ तासांनी हाती येतात ते अवशेष. प्रतिकारयंत्रणेला जे सांगायचं ते पेशी मरता मरता सांगते, आणि त्यातल्या प्रत्येक निरोपाची वेळ वेगळी असते. कॅलरेटिक्युलिन आणि एटीपी या दोन तक्रारींचं मूळ मुख्यतः या उशिरात आहे. एचएमजीबी१ची, सिसप्लॅटिनची आणि उंदरांची गोष्ट वेगळी, ती पुढे घेतो.

मुळात पेशी मेली की प्रतिकारयंत्रणा जागी होते, हा नियम नाही, अपवाद आहे. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि कुठे काही गडबड होत नाही. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरलेल्या क्रमाने होणाऱ्या मरणात, कॅस्पेज-३ हे विकर अशी व्यवस्था करतं की पेशीपटलाच्या आतल्या थरातलं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं. मॅक्रोफेज या भक्षक पेशी ती खूण ओळखून पेशी गिळतात आणि गिळताना टीजीएफ-बीटा, आयएल-१० अशी शांत करणारी द्रव्यं सोडतात. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. त्यानंतर बरीच वर्षं असं मानलं जात होतं की अपॉप्टोसिस म्हणजे मुकाट मरण आणि नेक्रोसिस, म्हणजे पेशी फुटून मरणं, हे आरडाओरडा करून मरण. १९९४ मध्ये पॉली मॅटझिंगर यांनी धोक्याचा सिद्धान्त मांडला: समोरचं परकं आहे का, यापेक्षा ते धोक्याचं आहे का, याला प्रतिकारयंत्रणा जास्त उत्तर देते.

२००५ मध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेतल्या संशोधकांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला, तोच तुम्ही आज करता आहात. सीटी२६ पेशींना २५ मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिन २४ तास दिलं, त्यातल्या ३० लाख पेशी उंदराच्या एका कुशीत कातडीखाली टोचल्या आणि पुढे दुसऱ्या कुशीत ५ लाख जिवंत पेशी दिल्या. लशीला जोर आणणारं कुठलंही द्रव्य सोबत नव्हतं, तरी बहुतेक उंदरांना गाठ आली नाही. पेशी मेल्या होत्या अपॉप्टोसिसनेच. झेड-व्हॅड हा कॅस्पेजरोधक आधी दिला तर पेशी मरत होत्या, पण संरक्षण नाहीसं होत होतं. मुकाट समजलं जाणारं मरण बोलकं असू शकतं हे तिथे दिसलं, आणि ते बोलणं कॅस्पेज चालू असतानाच्या तासांत होतं हेही. तुमच्या प्रयोगात आणि त्या प्रयोगात पहिला फरक २४ आणि ४८ या आकड्यांचा आहे.

कॅलरेटिक्युलिन: सगळ्यात आधी, आणि सगळ्यात जास्त फसवणारं

कॅलरेटिक्युलिन एरवी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या प्रथिनं घडवणाऱ्या पेशीभागाच्या पोटात असतं. डॉक्सोरुबिसिन किंवा मायटोझँट्रोन दिल्यावर तिथे ताण येतो, पर्क हे किनेज जागं होतं, ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट चढतो, कॅस्पेज-८ कामाला लागतं आणि कॅलरेटिक्युलिन गॉल्जीमार्गे पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं. हे सगळं काही तासांत होतं, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येण्याच्याही आधी. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला लक्ष्याची ओळख करून देणाऱ्या पेशी, आपल्या सीडी९१ या ग्राहीने ते ओळखतात आणि पेशी गिळायला घेतात. म्हणजे ही खूण जिवंत दिसणाऱ्या पेशीवर शोधायची आहे, मेलेलीवर नाही.

मेलेल्या पेशीचं पटल फाटलेलं असतं. अँटिबॉडी सरळ आत शिरते, आणि आत कॅलरेटिक्युलिन भरपूर असतं. ९० टक्के पेशी मेल्या असतील तर कुठलंही औषध पॉझिटिव्ह दिसणार. सिसप्लॅटिनचा तुमचा पॉझिटिव्ह निकाल हा असा आहे.

डॉक्सोरुबिसिनच्या निकालात आणखी एक भेसळ आहे: हे औषध स्वतःच चमकतं. पेशी रंगाने मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राच्या ४८८ नॅनोमीटरच्या लेझरने ते उद्दीपित होतं आणि ५९० च्या आसपास नारिंगी-लाल प्रकाश देतं, म्हणजे बरोबर पीई आणि पीआयच्या खिडकीत. तुम्ही ज्याला कॅलरेटिक्युलिन आणि मृत्यू म्हणता, त्यातला बराचसा भाग औषधाचा रंग असू शकतो. तेव्हा पीई आणि पीआय दोन्ही सोडा. कॅलरेटिक्युलिनसाठी अलेक्सा ६४७ लावलेली दुय्यम अँटिबॉडी घ्या. मृत्यूसाठी यंत्रात ४०५ चा व्हायोलेट लेझर असेल तर डॅपी हा फाटलेल्या पेशीत शिरणारा रंग, नसेल तर लाल लेझरवर चालणारा निअर-इन्फ्रारेड वायबिलिटी डाय. पुढे मायटोझँट्रोन वापरणार असाल तर सावध राहा: ते लाल लेझरवर चमकतं, नेमकं अलेक्सा ६४७ च्या खिडकीत. म्हणून प्रत्येक औषधासाठी त्याच औषधाच्या पेशी, आयसोटाइप अँटिबॉडी (तशीच, पण कॅलरेटिक्युलिन न ओळखणारी) आणि तीच दुय्यम अँटिबॉडी, असा स्वतंत्र कंट्रोल हवा. औषध न दिलेल्या पेशींचा आयसोटाइप इथे चालत नाही.

पेशी सोडवताना ट्रिप्सिन टाळा, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कातरून टाकतं. २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए पुरतो. वर तरंगणाऱ्या पेशी फेकू नका. त्या आणि सुटलेल्या पेशी एकत्र करून ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा. रंगवणं पूर्ण बर्फावर, १ टक्का बीएसए प्रथिन घातलेल्या पीबीएस या खारट बफरमध्ये: प्राथमिक अँटिबॉडी ३० मिनिटं, धुणं, दुय्यम ३० मिनिटं, धुणं, आणि डॅपी अगदी यंत्रावर चढवण्याआधी. फिक्स करायचं नाही, परमिअबिलाइझ तर अजिबात नाही. मोजणी फक्त डॅपी-निगेटिव्ह पेशींमध्ये करा आणि ४, ८, १२ व २४ तासांचे चार बिंदू घ्या. त्याच पेशींचा, फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारा अॅनेक्सिन व्ही पण करणार असाल तर आधी ईडीटीए दोनदा धुऊन काढा. अॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं, बफरमध्ये ते २.५ मिलिमोलर असतं, आणि उरलेला ईडीटीए ते गिळून टाकतो. मग अॅनेक्सिन ‘निगेटिव्ह’ दिसतं आणि दिवस वाया जातो.

एटीपी: शून्य का आलं

पेशीच्या आत एटीपी मिलिमोलरमध्ये असतो, बाहेर नॅनोमोलरमध्ये. मरणारी पेशी तो बाहेर सोडते, आणि त्यासाठी तिची ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचे भाग पचवण्याची क्रिया, शाबूत असावी लागते. बाहेर आलेला एटीपी दोन कामं करतो: पी२वाय२ या ग्राहीमार्फत भक्षक पेशींना वाट दाखवतो आणि पी२एक्स७ मार्फत डेंड्रिटिक पेशीतलं एनएलआरपी३ इन्फ्लमसोम चेतवून आयएल-१ बीटा हा दाह वाढवणारा संदेश बाहेर काढतो. पण तो टिकत नाही. सीरममधली विकरं आणि पेशींवरची सीडी३९ व सीडी७३ त्याचे तुकडे करत अॅडेनोसिनपर्यंत नेतात. अॅडेनोसिन तर उलटं काम करतं, प्रतिकार दाबतं. ४८ तासांनी शून्य येणं हे बरोबर मापन आहे, चुकीच्या वेळेचं.

१२, १८ आणि २४ तासांना मोजा. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून घ्या, औषध देतानाच्या माध्यमात त्याचं प्रमाण शक्य तितकं कमी ठेवा. माध्यम फेनॉल रेड नसलेलं असू द्या. प्लेट इन्क्युबेटरमधून काढताना हलवू नका, पिपेटने ढवळू नका. चार पेशी फुटल्या तरी मिलिमोलरमधला एटीपी नॅनोमोलरच्या मापात ओतला जातो. वरून अलगद १०० मायक्रोलिटर उचला, ४ अंशांवर ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा, वरचं द्रव बर्फावरच्या नव्या नळीत घ्या आणि लगेच ल्युसिफरेज या, एटीपी असला की प्रकाश देणाऱ्या, विकराने मोजा. लगेच जमणार नसेल तर उणे ८० वर ठेवा, पण पेशी काढून टाकल्यावरच. प्लेट पांढरी, अपारदर्शक हवी. स्टँडर्ड कर्व्ह पाण्यात काढू नका. तेच माध्यम, तेच औषध, त्याच प्रमाणात घालून १ नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर अशी मालिका करा, कारण रंगीत औषधं प्रकाश शोषतात. मायटोझँट्रोन तर गडद निळं आहे.

सोबत दोन जास्तीचे वेल ठेवा. एकात एआरएल ६७१५६ हा एटीपी तोडणाऱ्या विकरांचा रोधक, १०० मायक्रोमोलर. त्यात आकडा वर गेला तर एटीपी सुटत होता, फक्त तुटत होता, हे कळतं. दुसऱ्या वेलमधल्या पेशी पूर्ण फोडून एकूण एटीपी मोजा आणि बाहेरचा एटीपी त्याच्या टक्केवारीत सांगा. नुसत्या नॅनोमोलर आकड्यांची दोन दिवसांची तुलना होऊ शकत नाही, पेशींची संख्या कधीच तंतोतंत सारखी नसते.

एचएमजीबी१

हे केंद्रकातलं प्रथिन, आणि तिघांत सगळ्यात शेवटी बाहेर पडणारं. इथे २४, ३६ आणि ४८ तास योग्य आहेत, म्हणजे तुमची वेळ चुकलेली नाही. आकडे डोलतात ते नमुना हाताळण्यामुळे असावेत. वरचं द्रव पेशींसकट गोठवलं की वितळताना पेशी फुटतात आणि एचएमजीबी१ सांडतं. आधी फिरवा, मग गोठवा, आणि एकदाच वितळवा. सीरममध्येही या प्रथिनाचा अंश असू शकतो आणि त्याला झाकणारी प्रथिनंही. सीरम १ ते २ टक्क्यांवर आणा आणि पेशी नसलेल्या माध्यमाचा आकडा दर वेळी वजा करा. शेजारी एलडीएच हे पेशीतलं विकर मोजा, म्हणजे पटल किती फाटलं होतं ते कळेल.

एलायझा एक गोष्ट सांगत नाही आणि ती महत्त्वाची आहे. एचएमजीबी१ मध्ये २३, ४५ आणि १०६ या जागी सिस्टीन आहेत. २३ व ४५ एकमेकांना जोडलेले आणि १०६ मोकळा असेल तर ते टीएलआर४ या प्रतिकारपेशींवरच्या ग्राहीला चेतवतं. तिन्ही पूर्ण ऑक्सिडाइझ झाले तर ते निकामी होतं. अपॉप्टोसिसमध्ये मायटोकाँड्रियातून निघणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू हे ऑक्सिडेशन घडवू शकतात. म्हणून एलायझात एचएमजीबी१ भरपूर, पण प्रतिकारयंत्रणा गप्प, असं घडू शकतं. डोस वाढवण्याविरुद्धचं आमचं मुख्य कारणही इथेच आहे. डोस आणि वेळ वाढवत गेलात की एटीपी संपलेला, ऑटोफॅजी थांबलेली, एचएमजीबी१ ऑक्सिडाइझ झालेलं, अशा पेशींचा चुरा तुमच्या हाती येतो. मृत्यूची टक्केवारी मात्र छान दिसते.

डोस असा ठरवा: २४ तासांनी सुमारे ७० टक्के पेशी अॅनेक्सिन किंवा डॅपी पॉझिटिव्ह व्हायला हव्यात. डॉक्सोरुबिसिनसाठीही आणि सिसप्लॅटिनसाठीही. मृत्यूचं प्रमाण सारखं नसेल तर दोन औषधांमधल्या निरोपाची तुलना करण्यात काही अर्थ राहत नाही.

सिसप्लॅटिन आणि ती डीएमएसओची बाटली

डीएमएसओ सिसप्लॅटिनच्या प्लॅटिनमला स्वतःच चिकटतो, क्लोराइड हटवतो आणि औषध मारून टाकतो. किती मारतो हे किती वेळ ठेवलं यावर अवलंबून, म्हणून तुमचा निकाल लहरी. ते ०.९ टक्का सोडियम क्लोराइडमध्ये, १ मिलिग्रॅम प्रति मिली या प्रमाणात, ताजं विरघळवा आणि उजेडापासून जपा. क्लोराइडमुळे ते स्थिर राहतं.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ऑक्झॅलिप्लॅटिन जोडायचा विचार करा, पण त्याचं नेमकं उलटं आहे: क्लोराइडने ते बिघडतं. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये विरघळवायचं. या दोन औषधांची जोडी शिकण्यासारखी आहे. दोन्ही प्लॅटिनमची, दोन्ही डीएनएला चिकटणारी, दोन्हींनी पेशी मरतात आणि दोन्हींत एचएमजीबी१ सुटतं. तरी ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये कॅलरेटिक्युलिन बाहेर येतं आणि सिसप्लॅटिनमध्ये येत नाही, कारण एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर हवा तो ताण सिसप्लॅटिन आणत नाही. सोबत थॅप्सिगार्गिन किंवा ट्युनिकामायसिन देऊन तो ताण आणला तर सिसप्लॅटिनने मेलेल्या पेशीही बोलक्या होतात. तुमच्या नव्या संयुगाने कॅलरेटिक्युलिन आणलं नाही तर हा प्रयोग लक्षात ठेवा. अशा प्रयोगांत सर्वसाधारणपणे ऑक्झॅलिप्लॅटिन ३०० मायक्रोमोलर आणि सिसप्लॅटिन १५० मायक्रोमोलरपर्यंत वापरलेलं दिसतं. आकडे मोठे वाटतील, पण तुमच्या पेशींवर ७० टक्क्यांचा बिंदू स्वतः शोधा.

मरण कुठल्या प्रकारचं आहे हेही एकदा तपासून ठेवा. झेड-व्हॅड २० ते ५० मायक्रोमोलर देऊन बघा. पण ते कॅस्पेज-८ सुद्धा बंद करतं, आणि पेशीत आरआयपीके३ असेल तर ती नेक्रोप्टोसिसकडे, म्हणजे फुटून मरण्याच्या दुसऱ्या मार्गाकडे, वळते. शेजारी झेड-व्हॅड अधिक नेक्रोस्टॅटिन-१एस (तो मार्ग रोखणारं) असा वेल हवाच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुग्यासारख्या टम्म फुगलेल्या दिसल्या आणि एलडीएच लवकर वर गेलं, तर गॅसडर्मिन ई हे प्रथिन तपासा. कॅस्पेज-३ त्याला कापतं, तुकडे पटलाला भोकं पाडतात आणि अपॉप्टोसिसचं पायरोप्टोसिस होतं. असं झालं तर निरोपांचं वेळापत्रकच बदलतं.

उंदरांकडे जाण्याआधी

मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या जिवाणूसाठी पीसीआर करा. दर महिन्याला, आणि लशीची, म्हणजे उंदरांना टोचायच्या मेलेल्या पेशींची, प्रत्येक तुकडी बनवण्याआधी. हे शिस्तीपुरतं सांगत नाही. २००० सालच्या सुमारास नेक्रोसिसने मेलेल्या पेशी डेंड्रिटिक पेशींना चेतवतात असे निकाल येत होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की त्यांच्या हातात डेंड्रिटिक पेशी पक्व झाल्या त्या मायकोप्लाझ्मामुळे. मायकोप्लाझ्मा नसलेल्या नेक्रोटिक पेशींनी काहीच झालं नाही. एका जंतूने आख्खा निष्कर्ष फिरवला. औषधाच्या आणि बफरच्या बाटल्यांत एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष नाही ना, यासाठी एलएएल चाचणीही एकदा करून घ्या.

अस्थिमज्जेतून डेंड्रिटिक पेशी वाढवणं, २० नॅनोग्रॅम प्रति मिली जीएम-सीएसएफवर ६ ते ७ दिवस, तुम्हाला जमतच असेल. तिथे दोन चुका सर्रास होतात. मेलेल्या पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेलं डॉक्सोरुबिसिन डेंड्रिटिक पेशींनाच मारतं. पीबीएसने तीनदा धुवा. आणि गिळण्याच्या चाचणीत ४ अंशांवरचा कंट्रोल ठेवला नाही तर नुसता चिकटलेला किंवा गळालेला रंग ‘गिळलेला’ म्हणून मोजला जातो. ३७ अंशांवरच्या आकड्यातून ४ अंशांवरचा आकडा वजा केल्यावर जे उरेल तेवढंच खरं.

उंदीर

गॅमा किरणांनी मारलेल्या पेशी हा निगेटिव्ह कंट्रोल नाही. किरणोत्सर्गानेही कॅलरेटिक्युलिन पृष्ठभागावर येतं आणि एचएमजीबी१ सुटतं. तो स्वतः बोलकं मरण घडवणारा आहे. तुमच्या उंदरांनी चुकीचं काही केलेलं नाही, तुम्ही दोन पॉझिटिव्ह गट शेजारी ठेवलेत. त्यात सीटी२६ ही मुळातच प्रतिकारयंत्रणेला बऱ्यापैकी ओळखू येणारी पेशी. तिच्यावर उंदराच्याच जीनोममधल्या जुन्या रेट्रोव्हायरसचं जीपी७० प्रथिन असतं, आणि त्यातला एएच१ हा तुकडा सीडी८ या मारक टी पेशी सहज ओळखतात.

गट असे ठेवा: फक्त पीबीएस, डॉक्सोरुबिसिन, ७० टक्क्यांवर आणलेलं सिसप्लॅटिन, आणि गोठवून-वितळवून फोडलेल्या पेशी. शेवटच्या गटासाठी द्रव नायट्रोजन आणि ३७ अंश, अशा तीन फेऱ्या. हा गट गाळू नका. त्यात एटीपी आणि एचएमजीबी१ एका क्षणात भरपूर बाहेर पडतं, तरी सीटी२६ च्या या चाचणीत तो उंदरांना नीट वाचवत नाही. फुटणं वेगळं आणि निरोप देणं वेगळं, हे परीक्षकांना दाखवायला याहून चांगला गट नाही.

बाल्ब/सी जातीचे मादी उंदीर, ६ ते ८ आठवड्यांचे, गटात ८ ते १०. औषध देऊन २४ तास झालेल्या पेशी पीबीएसने तीनदा धुवा. हे सीरम घालवण्यासाठीही आहे: लशीत आणि नंतरच्या जिवंत पेशींवर दोन्हीकडे गाईच्या सीरमची प्रथिनं राहिली, तर उंदीर त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकार उभा करतो आणि तुम्हाला ते गाठीविरुद्धचं संरक्षण वाटतं. ३० लाख पेशी २०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये डाव्या कुशीत कातडीखाली. ७ ते ८ दिवसांनी उजव्या कुशीत ५ लाख जिवंत पेशी: वाढीच्या भरात असलेल्या, ९५ टक्क्यांहून जास्त जिवंत, आणि सुईत भरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत टोचलेल्या. पीबीएस गटातल्या सगळ्या उंदरांना गाठ यायलाच हवी. ती येत नसेल तर आधी वेगळ्या उंदरांवर जिवंत पेशींची मात्रा ठरवा, कारण त्याशिवाय ‘संरक्षण’ या शब्दाला आधार नाही.

डाव्या कुशीवरही लक्ष ठेवा. लशीत ३० टक्के पेशी अजून मेलेल्या नसतात. त्या नंतर मरणार असं गृहीत धरलेलं असतं. तिथे गाठ आली तर तो उंदीर विश्लेषणात कसा धरायचा हे आधीच लिहून ठेवा, निकाल पाहून नाही. गाठी दर २ ते ३ दिवसांनी कॅलिपरने मोजा: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले २. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

वाचलेल्या उंदरांवर काम संपत नाही. त्यांना एका बाजूला पुन्हा सीटी२६ आणि दुसऱ्या बाजूला ४टी१ द्या. ४टी१ ही बाल्ब/सीचीच, पण स्तनाच्या कर्करोगाची पेशी. सीटी२६ वाढली नाही आणि ४टी१ वाढली, तर प्रतिकार नेमका आहे असं म्हणता येईल. एका छोट्या गटात सीडी८ पेशी अँटिबॉडीने काढून टाका. संरक्षण गेलं पाहिजे. मग शक्य झालं तर सी५७बीएल/६ उंदीर आणि एमसीए२०५ पेशी अशी दुसरी जोडी घ्या, म्हणजे सगळा भार सीटी२६ च्या जीपी७० वर राहणार नाही.

गट बदलले की मंजुरीही बदलते. किरणोत्सर्गाचा गट काढून गोठवलेल्या पेशींचा गट घालणं, सीडी८ काढणं, ४टी१ देणं, हे सगळं तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी या मंजुरीच्या अर्जातल्या दुरुस्तीसह न्यावं लागेल. उंदरांची वाढीव संख्या आणि गाठ किती मोठी झाल्यावर उंदराला वेदनारहित मरण द्यायचं, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहा. समितीची बैठक कधी आहे ते आजच विचारा, कारण प्लेटवरचं काम तीन आठवड्यांत होईल आणि मंजुरीला त्याहून वेळ लागू शकतो.

गाइडशी बोलताना डोसच्या मुद्द्यावर वाद घालत बसू नका. एकच प्रयोग लावा: डॉक्सोरुबिसिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिसप्लॅटिन आणि औषधाविना, ४ ते ४८ तास. एका कागदावर तीन रेषा काढा, डॅपी-निगेटिव्ह पेशींतलं कॅलरेटिक्युलिन, बाहेरचा एटीपी आणि एचएमजीबी१. त्याखाली मृत्यूची रेषा. डॉक्सोरुबिसिन सकाळी आठला दिलंत तर ४, ८ आणि १२ तासांचे बिंदू त्याच दिवशी बसतात. १८ तासांसाठी दुसरी प्लेट आदल्या संध्याकाळी सहाला सुरू करा, म्हणजे रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागणार नाही. औषध घातलेलं माध्यम आणि टिप्स सिंकमध्ये टाकू नका; सायटोटॉक्सिक कचऱ्यासाठी पिवळी पिशवी असते, त्यावर तशी चिठ्ठी लावून द्या.